आबांची छाती भरली त्याची गोष्ट

मंडळी, या विकांताचा विषय आहे आजारी साप. 'साप' शब्दानेच ज्यांना शिरशिरी येते त्यांनी पुढच्या शनिवारी भेटावं. बाकीच्यांनी वाचा, कारण हे सगळं आपल्या रोजच्या डिबगिंगसारखंच आहे.

2021 साली मी टेक्ससमधल्या ऑस्टिनला नोकरीला होतो. माझ्या अमेरिकन रूममेटकडे एक बॉल पायथन होता. हा आफ्रिकेतला बुटका, जाडजूड अजगर. घाबरला की अंगाचा चेंडू करून डोकं आत लपवतो, म्हणून हे नाव. मी त्याला 'आबा' म्हणायचो. दिवसभर कोपऱ्यात बसून असायचे आणि जेवणाच्या बाबतीत भयंकर लहरी. (भारतात हा उद्योग करू नका. आपल्याकडचे नाग, धामण, अजगर पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर अनेक परदेशी प्रजातींचीही नोंदणी लागते.)

सापाची पंचाईत अशी की तो कण्हत नाही, लंगडत नाही, चेहऱ्यावर काही दिसत नाही. जंगलात आजारी दिसणं म्हणजे कुणाचं तरी जेवण होणं, त्यामुळे दुखणं शेवटपर्यंत झाकून ठेवतो. म्हणून रूममेटने एक एक्सेल शीट केली होती. दर रविवारी वजन, कधी खाल्लं, कात अखंड निघाली का, टाकीच्या गरम आणि थंड कोपऱ्याचं तापमान. मी हसायचो. प्रॉडक्शन सर्व्हरचेही इतके लॉग कुणी ठेवत नाही!

मग 15 फेब्रुवारीच्या पहाटे बर्फाच्या वादळात वीज गेली. बाहेर उणे दहाच्याही खाली. रूममेट बहिणीकडे डेन्व्हरला. आबांच्या गरम कोपऱ्याला 32 अंश लागतात, संध्याकाळपर्यंत काटा 14 वर आला. फोन लागला तेव्हा तो म्हणाला, "त्याला उशीच्या अभ्र्यात घाल आणि जॅकेटच्या आत ठेव. आणि काही झालं तरी खायला देऊ नकोस." कारण साधं आहे. सापाचं पचन बाहेरच्या उबेवर चालतं. थंडीत गिळलेला उंदीर पोटातच सडतो, नाहीतर उलटून पडतो. तीन दिवस दीड किलोचा अजगर माझ्या पोटावर. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "साप कसले पाळता रे मेल्यांनो! दूध तरी पाज त्याला."

वीज आली, सगळं सुरळीत वाटलं. 28 तारखेला आबांनी उंदीर नाकारला. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, हे अजगर हिवाळ्यात कितीतरी आठवडे उपास करतात. अशा वेळी वजन बघायचं. 1460 ग्रॅमचे 1445 झाले होते, म्हणजे एक टक्का. दहा टक्के उतरलं असतं तर धोका. पण 3 मार्चच्या रात्री टाकीतून बारीक टिकटिक ऐकू आली. टॉर्च मारला. मान काचेला टेकवून वर केलेली, तोंड किंचित उघडं, नाकपुडीशी बुडबुडा. ही तिन्ही लक्षणं नवीन होती.

दुसऱ्या दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टर बाईंकडे नेलं. एक्स-रे काढला, घशातला चिकटा तपासायला घेतला. निदान फुप्फुसाचा संसर्ग. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट डोक्यात पक्की बसली: सापाला श्वासपटल नसतं, त्यामुळे त्याला आपल्यासारखं खोकून कफ बाहेर काढता येत नाही. आत साचतच राहतो. तेव्हा मला आईचं दूध आठवलं. नागपंचमीला तहानलेल्या नागाच्या तोंडात दूध ओततात. ते त्याला पचत नाही, आणि श्वासनलिकेत गेलं तर हाच न्यूमोनिया. आणि आपण हात जोडून म्हणतो, नागोबा प्याले!

उपचार असा: दर 72 तासांनी अँटिबायोटिकचं इंजेक्शन, एकूण आठ. तेही शरीराच्या पुढच्या भागात, कारण मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडाकडे जाऊ शकतं आणि औषध काम करायच्या आधीच बाहेर पडू शकतं. शिवाय टाकी थोडी जास्त गरम ठेवायची. सापाला आपल्यासारखा आतून ताप येत नाही; तापाचं काम बाहेरच्या उबेने करावं लागतं. उबेशिवाय औषधही नीट लागू पडत नाही. रूममेट परत आला होता. तो सुई टोचायचा, मी आबांना धरायचो. तिसऱ्या इंजेक्शनपर्यंत आवाज तसाच होता. रूममेट रात्री दोन दोनदा उठून टाकीला कान लावायचा. सहाव्यानंतर टिकटिक थांबली.

कुणी परदेशात साप पाळत असेल तर एवढं लक्षात ठेवा. पाण्याच्या भांड्यातच पडून असेल तर अंगावर काळे ठिपके, म्हणजे पिसवांसारखे माइट्स, शोधा. डोळ्यावर कातीची खपली अडकली तर ओढू नका, ओलावा वाढवा. हिरड्या लाल किंवा दह्यासारखा पू दिसला, किंवा श्वासाला आवाज आला, तर थांबू नका. नेटवर वाचून औषध तर अजिबात नको.

11 एप्रिलला आबांनी उंदीर गिळला. वजन तोवर 1385 वर आलं होतं. रूममेटने शीटमध्ये 'खाल्लं' असं लिहिलं आणि बाल्कनीत जाऊन बराच वेळ उभा राहिला. मी चहा टाकला, दोघांचा.