चालून दाखवा

बीड जिल्ह्यातल्या नेकनूरच्या बाजारात बैलाचा सौदा ठरण्याआधी गिऱ्हाईक दोन गोष्टी करतं. आधी तोंड उघडून दात बघतं, मग म्हणतं, ‘जरा चालवून दाखवा.’ धनी कासरा धरून बैलाला वीस-पंचवीस पावलं नेतो, वळवून परत आणतो. तेवढ्या वेळात बघणाऱ्याची नजर ना शिंगांवर असते ना वशिंडावर. ती जमिनीवर असते. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर पडतो का, वळताना एखादा पाय चोरतो का, मान खालीवर होते का. उभा असताना सगळेच बैल धडधाकट दिसतात, खोट निघते ती चालीत. मग भाव ठरवायला उपरण्याखाली बोटं सरकतात आणि चोरलेल्या पायाचे पैसे किमतीतून कापले जातात.

माणसाच्या चालीकडे इतक्या बारकाईने बघायला शास्त्राला बराच वेळ लागला. जर्मनीतल्या वेबर बंधूंनी 1836 मध्ये चालण्यावर पुस्तक लिहिलं. पण खरी मोजणी केली ती लाइपझिगच्या दोघांनी. विल्हेल्म ब्राउने हा शरीररचनेचा अभ्यासक आणि ओटो फिशर हा गणिती. 1891 मध्ये त्यांनी एका माणसाला काळे कपडे घातले, हातापायांना उजळणाऱ्या काचेच्या नळ्या बांधल्या आणि रात्रीच्या अंधारात चार कॅमेऱ्यांसमोर चालवलं. तयारीला तासन्‌तास लागले, चालणं काही क्षणांत संपलं. आकडेमोड मात्र संपेना. ब्राउने पुढच्याच वर्षी वारला. फिशर 1904 पर्यंत त्या मोजक्या पावलांवर ग्रंथ छापत राहिला. मला फिशरचं फार कौतुक वाटतं. आपल्या चार पावलांवर कुणी आयुष्याची इतकी वर्षं घालवावीत, असं भाग्य जगात फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

आज मोठ्या शहरांतल्या गेट लॅबमध्ये, म्हणजे चाल मोजणाऱ्या प्रयोगशाळेत, हेच काम झटपट होतं. सांध्यांवर चकाकणारे मणी चिकटवतात, इन्फ्रारेड कॅमेरे त्यांचा माग काढतात, जमिनीत बसवलेली पट्टी पावलाचा दाब नोंदवते. निरोगी माणसाचा पाय चालीच्या एका चक्रात साधारण 60 टक्के वेळ जमिनीवर आणि 40 टक्के वेळ हवेत असतो, हे अशाच मोजणीतून पक्कं झालं. सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलाच्या पायाचा कुठला स्नायू सैल करायचा आणि कुठल्याला हात लावायचा नाही, हे ठरवायला या आलेखांची मोठी मदत होते.

 पण चाल बघायला नेहमी कॅमेरेच लागतात असं नाही. पेशंट दारातून खुर्चीपर्यंत येतो तेवढ्यात अनुभवी डॉक्टरची अर्धी तपासणी झालेली असते. एका पायावर उभं राहिल्यावर दुसऱ्या बाजूची कंबर खचली, तर खुब्याचा स्नायू दुबळा आहे, हे फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्गने 1895 मध्ये नुसत्या डोळ्यांनी हेरलं होतं. आपल्याकडचे अपंगत्वाचे सरकारी निकष तर त्याहून आपल्या मातीतले आहेत. सपाटीवर, उतारावर आणि जिन्यावर चालता येतं का, वळता येतं का, हे तर बघतातच; शिवाय उकिडवं बसता येतं का, मांडी घालता येते का, यालाही गुण आहेत. हे कलम लिहिणाऱ्याने रानात भाकरी खाणारा माणूस नक्की पाहिला असणार.

आमचा बीड जिल्हाही तसा चालणाऱ्यांचाच. आषाढीच्या आधी मुक्ताईची आणि पैठणहून निघालेली नाथांची पालखी इथून जाते. टाळांच्या ठेक्यावर पाऊली खेळणारे सत्तरीचे म्हातारे बघितले की, घरी काठीशिवाय न हलणारी माणसं ती हीच का, असा प्रश्न पडतो. ठेका ऐकवला की पार्किन्सनच्या रुग्णाचं अडखळणारं पाऊलही मोठं आणि सलग पडू लागतं, हे आता प्रयोगांनी दाखवलं आहे. दुसरी चाल सुरू होते ती दसरा-दिवाळीनंतर. तिला ठेका नसतो. बालाघाटाच्या कुशीतली गावंच्या गावं कुलपं लावून ऊसतोडीला कोल्हापूर, सांगली, थेट कर्नाटकाच्या फडांवर जातात.

फडात गाडी भरताना जवळून बघावं. गाडीला तिरकी फळी लावलेली असते. बाई डोक्यावर चुंबळ ठेवते, दुसरी हात देते आणि मोळी चढते. मान गच्च. पाऊल सरळ पडत नाही, आडवं पडतं, चवडा आधी फळी चाचपतो. गुडघा पुरता ताठ होत नाही, कारण ताठ झाला तर पुढचं पाऊल उचलणार कसं? फळी मध्ये वाकते, तिथे ती अर्धा क्षण थांबते. वर थर लावणारा मोळी ओढून घेतो, ती उलट्या पावली उतरते, पुढच्या मोळीकडे वळते. गाडी रात्री दोनला आली तरी हेच.

एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, दिवसाला दोन टन ऊस तोडला आणि मोळी 40 किलोची धरली, तर 50 मोळ्या होतात. हाच ऊस नेणारी गाडी कारखान्यात दोनदा काट्यावर चढते, भरलेली आणि रिकामी. साखरेचा उतारा दशांशात काढतात. तोडणीचा दर 2024 च्या करारात टनाला 273 रुपयांवरून 366 झाला, तोही रुपया-रुपया मोजून. उचल किती, खाडे किती, सगळं मुकादमाच्या वहीत. इतक्या काटेकोर धंद्यात फळीवर चढणारे गुडघे तेवढे बिनमोजणीचे राहिले.

डोक्यावरचं ओझं शास्त्राने मोजलंच नाही असं नाही. 1986 मध्ये केनियातल्या बायकांवर झालेला अभ्यास गाजला. शरीराच्या वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंतचं ओझं त्या जादा ऊर्जा न खर्चता नेतात, असं त्यात निघालं. वाचून बरं वाटतं, पण गणित मांडलं की बरं वाटणं ओसरतं. 50 किलोच्या बाईला 20 टक्के म्हणजे दहा किलो. मोळी त्याच्या चौपट, आणि केनियाची ती चाल सपाटीवरची होती, फळीवरची नव्हती.

मोजल्याने काय होतं, हे बीडने एकदा पाहिलं आहे. ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जातात, हे गावोगाव माहीत होतं आणि कुणी त्याचा बोभाटा करत नव्हतं. 2019 मध्ये सरकारी समितीने पाहणी केली तेव्हा 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढल्याचं निघालं. गावोगाव कुजबुजलेलं दुखणं तेव्हा कुठे आकड्यात मांडलं गेलं. शस्त्रक्रियेत अंडाशयंही गेली असतील, तर हाडं लवकर ठिसूळ होतात. पाठीच्या आणि खुब्याच्या दुखण्याचा हाही एक धागा त्या फळीपर्यंत येतो.

म्हणून वाटतं, हंगामाला जाण्याआधी आणि परतल्यावर मजुरांच्या तपासण्या होतात, त्याच रांगेत आणखी पाच मिनिटं घ्यावीत. टेप, घड्याळ आणि खुर्ची पुरे. खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत बसायला किती सेकंद लागतात, ही चाचणी 1991 पासून जगभर चालते. त्यात उकिडवं बसणं धरावं, एका पायावर उभं राहणं धरावं. दिवाळीचा आकडा आणि गुढीपाडव्याचा आकडा शेजारी शेजारी लिहावा.

यात एक भीती आहेच. चाल बघून भाव पाडणं बाजाराला जुनंच ठाऊक आहे. असा कागद मुकादमाच्या हाती पडला तर दुखऱ्या गुडघ्याची उचल कमी होईल, नाहीतर त्या जोडीला टोळीतून वगळतील. तेव्हा तो कागद त्या बाईच्या नावावर, तिच्याच पिशवीत राहावा, आणि दोन आकड्यांतल्या फरकाची भरपाई तिला कारखान्याकडे मागता यावी. एवढी सोय नसेल, तर मोजणी नीट होईल आणि तिचा तोटा पुन्हा मजुराच्याच माथी बसेल.