रविवार विकणारी माणसं

बालेवाडीपासून मुळशीपर्यंत, मुळा नदीच्या उलट दिशेनं एक वीकेण्ड ट्रिप. सोबतीला फ्लॅट दाखवून दाखवून दमलेले एजंट आणि एक साधा प्रश्न : तुमचा बंद वार कोणता?

रविवारी सकाळी अकरा वाजता बालेवाडी हायस्ट्रीटवर एक चक्कर मारा. ब्रंचला आलेली मंडळी, शॉर्ट्स, गॉगल, सोबत एखादा लाडावलेला लॅब्रेडॉर... एकदम वीकेण्ड मूड. याच गर्दीत नीट पाहिलंत तर एक वेगळी जमात दिसेल. इस्त्रीचा फॉर्मल शर्ट, कानात इअरफोन, बाइकच्या आरशाला अडकवलेलं हेल्मेट आणि हातात चाव्यांचा जुडगा. "हो सर, मी गेटवरच उभा आहे. तुम्ही या आरामात."

हे आपले रिअल इस्टेट एजंट. तुमचा-आमचा रविवार जिथे सुरू होतो, तिथे यांची ड्यूटी सुरू होते. कारण सिंपल आहे. घर घेणारा सोमवार ते शुक्रवार ऑफिसात असतो. त्यामुळे सॅम्पल फ्लॅट बघायचा तो शनिवार-रविवारी. बायको, आई-वडील, झालंच तर वास्तुशास्त्र कळणारे मामा, सगळ्यांना घेऊन!

या पट्ट्यात निम्म्या जाहिराती 'रिव्हर व्ह्यू'च्या. ती रिव्हर म्हणजे मुळा. मुळशी धरणाकडून येते आणि बालेवाडी, वाकड, औंध करत पुण्यात शिरते. एजंट लोकांनी दिवसातून दहा वेळा गॅलरीतून बोट करून दाखवलेली ही नदी. पण ती येते कुठून, हे बघायला त्यातल्या कितीजणांना सवड मिळते? चला तर मग, बाइक काढा. आज नदीच्या उलट दिशेनं जाऊया.

वाकड : पितृपंधरवड्याची सुट्टी

पहिला स्टॉप वाकड. पूल ओलांडला की टॉवर, टॉवरला लागून टॉवर, आणि खाली ओळीनं 'फ्लॅट भाड्याने मिळेल'चे बोर्ड. याच वाकडला अजून गावही आहे बरं का! चैत्रात म्हातोबाची यात्रा भरते, हिंजवडीहून वाकडला बगाड येतं. त्या दिवशी आयटीवाल्यांच्या गाड्या बगाडाच्या मागे मुकाट उभ्या असतात.

इथल्या चहाच्या टपरीवर एक एजंट भेटला. मूळचा मराठवाड्यातला, या धंद्यात दहा वर्षं. सुट्टी कधी घेतोस, असं विचारलं तर हसला. "पितृपंधरवड्यात. तेव्हा कोणी बुकिंगच करत नाही."

खरंय त्याचं. गुढीपाडवा, अक्षय्यतृतीया, दसरा, दिवाळी, म्हणजे ज्या दिवशी तुमच्या घरी श्रीखंड असतं, त्या दिवशी मुहूर्त असतो. आणि मुहूर्त असला की एजंट साइटवर. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं मुद्रांक शुल्कात ३ टक्के सवलत दिली, पुढे मार्च २०२१ पर्यंत २ टक्के. घर घेणाऱ्यांची चांदी झाली. एजंटांचीही झाली, पण ते सात महिने रात्र कधी झाली आणि सकाळ कधी, हे त्यांना घरच्यांनाच विचारावं लागेल.

"मुलीचं गॅदरिंग होतं," तो सांगत होता. "कस्टमरचा फोन आला म्हणून हॉलबाहेर गेलो. आत आलो तर तिचा डान्स संपलेला. बायकोनं व्हिडिओ काढला होता, तो पाहिला." "आणि डील?" "ते दुसऱ्या सीपीनं नेलं." सीपी म्हणजे चॅनल पार्टनर. एजंटाचं नवं, जरा भारी नाव.

हिंजवडी ते माण : कमिशनचा फंडा

हिंजवडीत शिरलं की डोक्यावर मेट्रोचा मार्ग आणि खाली आपण. शिवाजीनगरपर्यंतची ही तिसरी लाइन सुमारे २३ किलोमीटरची, आणि तिच्या स्टेशनांची नावं एजंटांना इंजिनीअरपेक्षा आधी पाठ झाली. स्टेशन जवळ म्हणजे रेट वर!

इथे जरा त्यांचा हिशोब समजून घेऊ. रीसेलचा फ्लॅट विकला तर साधारण एक-दोन टक्के. भाड्याचा लावून दिला तर बऱ्याचदा एका महिन्याचं भाडं. नव्या प्रोजेक्टमध्ये ब्रोकरेज बिल्डर देतो, पण ते कस्टमरचे पैसे भरून करार नोंदवला गेल्यावर, आणि त्यानंतरही बिल पास व्हायला महिनोन्‌महिने. म्हणजे आज मारलेल्या चकरांचे पैसे दिवाळीला मिळतील की होळीला, सांगता येत नाही. ईएमआय मात्र दर महिन्याला पाच तारखेला हजर.

म्हणूनच फोन बंद करायची भीती. कुठला कॉल घर घेईल आणि कुठला नुसताच टाइमपास, हे उचलल्याशिवाय कळत नाही. मग रात्री साडेदहालाही उचलायचा.

हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं १९७४ मध्ये 'बर्नआउट' हा शब्द कामाच्या थकव्यासाठी वापरला. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची तीन लक्षणं सांगितली : अंगातलं त्राण संपणं, कामाबद्दल मनात कडवटपणा येणं आणि आपण काही धड करतोय असं न वाटणं. संघटना त्याला आजार म्हणत नाही; कामाच्या ठिकाणचा, नीट न हाताळलेला ताण म्हणते. माणच्या रस्त्यावर एका साइट ऑफिसबाहेर उभ्या असलेल्या एजंटाची भाषा सोपी होती. "पूर्वी घर विकलं की पेढा खायचो. आता चावी दिली की वाटतं, सुटलो एकदाचा."

पिरंगुट : गुरुवार बंद!

माण सोडलं की घोटवड्याचा रस्ता. टॉवर विरळ होतात, भातखाचरं दिसायला लागतात. नदी कधी दिसते, कधी हरवते. पुढे पिरंगुट आलं की कारखान्यांची वस्ती. आणि कारखाने म्हटले की आठवतो पुणेकरांचा गुरुवार. पुणे-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. लक्ष्मी रोडला सोमवार. आणि दुपारी एक ते चार? त्यावरून तर अख्ख्या महाराष्ट्रानं पुणेकरांची टिंगल केली. २०१७ मध्ये चितळ्यांनी दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली, तेव्हा त्याची चक्क बातमी झाली.

पण जरा विचार करा. वर्क-लाइफ बॅलन्स हा शब्द इकडे यायच्या कितीतरी आधी दुकानदारानं दारावर पाटी लावली होती : बंद म्हणजे बंद. गिऱ्हाईक चिडायचं, पण चार वाजता परत यायचं.

महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी देतो. पण ती पगारी माणसाला. कमिशनवर फिरणारा एजंट स्वतःच मालक, स्वतःच नोकर. त्याची पाटी त्यालाच लावावी लागते.

लावणारे आहेत! बाणेरच्या दोन मैत्रिणींनी मिळून छोटं ऑफिस काढलंय. एकीचा मंगळवार बंद, दुसरीचा बुधवार. सुट्टीच्या दिवशी फोन पार्टनरकडे, डील झालं तर कमिशन अर्धं-अर्धं. "पहिले सहा महिने वाटायचं, हिनं माझा कस्टमर पळवला तर? आता वाटतं, एकटीनं पूर्ण कमिशन घेऊन मी डॉक्टरलाच दिलं असतं." धंदा तोच, पण आठवड्याला कुलूप लावायची सोय झाली.

पौड : कागद वाचणारी माणसं

पिरंगुटहून पौड. मुळशी तालुक्याचं मुख्य ठिकाण. तहसील कचेरी इथेच, आणि रविवारी चक्क बंद. बघा, सरकारलाही रविवार आहे!

कामाच्या दिवशी इथे सात-बारा, फेरफार, मोजणी याच गप्पा. जमिनीनं या तालुक्याला काय काय दाखवलं, ते प्रवीण तरडेंच्या 'मुळशी पॅटर्न'नं २०१८ मध्ये पडद्यावर आणलं. जमीन विकून आलेला पैसा उडाला, की मागे काय उरतं त्याची गोष्ट.

एजंटाकडे उरतं ते कागद वाचायचं ज्ञान. दहा वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला इंडेक्स टू, साठेखत, सोसायटीची एनओसी यांतलं जे कळतं, ते बाहेर कुठल्या कोर्सला पटकन शिकायला मिळत नाही. मे २०१७ पासून महाराष्ट्रात एजंटाला महारेराकडे नोंदणी करावी लागते. २०२३ मध्ये त्यांच्यासाठी परीक्षाही सुरू झाली. म्हणजे 'काही जमलं नाही म्हणून ब्रोकर झाला' हे दिवस गेले. हे ज्ञान दुसरीकडे चालतं का? चालतं.

भाडेकरार घ्या. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं बंधनकारक आहे, आणि ते आता ऑनलाइन होतं. लॅपटॉप आणि बोटांचे ठसे घेणारं मशीन घेऊन घरी जाणारी मंडळी तुम्ही पाहिली असतील. इथे फी ठरलेली. घर आवडलं-नाही आवडलंचा जुगार नाही. संध्याकाळी फिरावं लागतं, पण अपॉइंटमेंट घेऊन.

दुसरं, परदेशातल्या मालकांचे फ्लॅट सांभाळणं. अमेरिकेत बसलेल्या मुलाला वाकडच्या फ्लॅटचा गळका नळ कोण दुरुस्त करून देणार? एका माजी एजंट बाईंनी हेच सुरू केलं. "चाव्यांचा जुडगा तोच आहे. फक्त आता मला महिन्याचे पैसे महिन्याला मिळतात." पैसे पूर्वीच्या चांगल्या महिन्यापेक्षा कमी, वाईट महिन्यापेक्षा जास्त. मोठ्या सोसायट्यांना मॅनेजर लागतो, तिथेही हाच अनुभव कामी येतो.

बँकेच्या होम लोन डेस्कचाही पर्याय आहे. पगार फिक्स. पण मंडळी, तिथेही टार्गेट असतं. नुसतं टेबल बदलून उपयोग नाही.

मुळशी : स्वप्नातलं होमस्टे

पौड मागे पडलं की हवाच बदलते. डोंगर जवळ येतात, आणि एका वळणावर अचानक पाणीच पाणी. मुळशी धरण. बालेवाडीच्या गॅलरीतून दाखवलेली नदी ती हीच! इथे शंभर वर्षांपूर्वी जमिनीसाठीच लढा झाला. धरणाविरुद्ध १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्यात पुढे होते, आणि त्यांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्यानं दिली. धरण झालंच. टाटांचं हे पाणी आजही सह्याद्री उतरून भिऱ्याला वीज तयार करतं.

याच काठावर प्रत्येक थकलेल्या एजंटाचं स्वप्न उभं असतं. चार खोल्या, चुलीवरची भाकरी, इंद्रायणीचा भात, समोर पाणी. होमस्टे काढायचं आणि मस्त जगायचं!

थांबा. तीन गोष्टी आधी बघा. एक, महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर साधारणपणे तुम्ही स्वतः शेतकरी असावं लागतं. १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३. एजंटाला हे पाठ असतं, पण स्वप्न बघताना विसरायला होतं. दोन, राज्यानं २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण ते शेती करणाऱ्यासाठी. शेती नसेल तर ते नुसतं हॉटेल. आणि तीन, सगळ्यात महत्त्वाचं : पाहुणे कधी येणार? शनिवार-रविवारी!

वडिलोपार्जित जमिनीवर चार खोल्या बांधलेला एक माजी एजंट हे कबूल करतो. "रविवार तेव्हाही विकत होतो, आताही विकतो." मग फरक काय पडला? त्यानं पाण्याकडे बघितलं. "सोमवार-मंगळवार गेट बंद. कोणी फोन केला तरी बुधवारी या म्हणतो. आणि लोक येतात."

इथे मुद्दा लक्षात येतो. एजंट दमतो तो फ्लॅटमुळे कमी, आणि कधीच बंद न होणाऱ्या दिवसामुळे जास्त. करिअर बदला नाहीतर बदलू नका, नव्या कामाला पहिला प्रश्न हाच विचारा : इथे माझा बंद वार कोणता, आणि तो पाळला तर घर चालेल का? दुसऱ्या प्रश्नासाठी हातात किमान सहा महिन्यांचे हप्ते असावेत. ते नसतील तर आधी पार्टनर शोधा, मग राजीनाम्याचा विचार करा.

हा प्रश्न फक्त एजंटांचा आहे, असं वाटतंय? रात्री साडेदहाला टीम लीडचा मेसेज आल्यावर तुमचा हात कुठे जातो, ते बघा एकदा.

कसं जाल?

बालेवाडी–वाकड–हिंजवडी–माण–घोटवडे–पिरंगुट–पौड–मुळशी. स्वतःच्या गाडीनं निवांत अर्धा दिवस ठेवा. हिंजवडी रविवारी सकाळीच पार करा, वर्किंग डेला तो विचारही नको. पावसाळ्यात पुढे ताम्हिणीकडे जाणार असाल तर प्रशासनाचे मनाई आदेश आधी बघा. गाववाल्यांकडून आंबेमोहर मिळाला तर नक्की घ्या. आणि तुम्ही एजंट असाल, तर मंगळवारी जा. रस्ता रिकामा असतो.