टीव्हीवरचं रामायण आणि आपलं पद्मपुराण



आपल्या घरातल्या मुलांना रामाची गोष्ट कोण सांगतं? खरं सांगायचं तर बहुतेक घरांत टीव्हीच सांगतो. 25 जानेवारी 1987 ला दूरदर्शनवर रामानंद सागर यांचं ‘रामायण’ सुरू झालं आणि 31 जुलै 1988 पर्यंत रविवारची सकाळ म्हणजे रामायण असं समीकरणच झालं. रस्ते ओस पडायचे, कुणी कुणी तर टीव्हीला हार घालायचे. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये, 28 मार्चपासून, तीच मालिका पुन्हा लागली आणि नातवंडांच्या पिढीनंही ती पाहिली.

मालिका आमच्याही घरी आवडीनं पाहिली जायची. सासूबाई रविवारी बस्तीतलं दर्शन लवकर उरकून यायच्या. पाहताना एक शब्द बोलायच्या नाहीत. दुपारी धान्य निवडायला बसल्या की मात्र सुरुवात व्हायची, “आपल्या शास्त्रात हे असं नाही गं.” मी नवी सून. माझं अर्धं पद्मपुराण त्या सुपाशेजारी बसून ऐकलेलं आहे.

आपल्या कथेत हनुमान, सुग्रीव हे वानर नव्हेत. ते विद्याधर, त्यांच्या ध्वजावर वानराचं चिन्ह. रावणालाही दहा डोकी नव्हती. लहानपणी गळ्यातल्या हारातल्या रत्नांत त्याच्या मुखाची नऊ प्रतिबिंबं दिसली म्हणून तो दशानन. तो मोठा जिनभक्त होता. जी स्त्री राजी नाही तिला हात लावणार नाही, असं व्रत त्यानं मुनींसमोर घेतलं होतं आणि सीतेच्या बाबतीतही ते मोडलं नाही. सीता अग्निपरीक्षेनंतर धरणीच्या पोटात जात नाही. अग्नीचं पाणी होतं, राम तिला परत बोलावतात आणि ती स्वतःच्या हातानं केशलोच करून आर्यिका होते. सासूबाई इथे आल्या की हातातलं सूप थांबायचं.

आणि रावणाचा वध राम करत नाहीत, लक्ष्मण करतो.

याच एका वाक्यावरून आमच्या नातीला चौथीच्या वर्गात सगळे हसले. रावणाला कुणी मारलं, असं बाईंनी विचारलं, तिनं घरी ऐकलेलं उत्तर दिलं. घरी येऊन मला म्हणाली, “आजी, आपली गोष्ट खोटी आहे का? टीव्हीत तर रामच बाण मारतो.”

मैत्रिणींनो, नुसतं ‘आपल्यात असंच आहे’ म्हणून हा प्रश्न मिटत नाही. कुणी बाण मारला एवढाच फरक असता तर मी तो सोडूनही दिला असता. पण आपल्या शास्त्रकारांनी तो बाण रामांच्या हातून काढून घेतला, त्याला कारण आहे. राम बलभद्र आहेत, त्याच भवात मोक्षाला जाणारे. लक्ष्मण नारायण, रावण प्रतिनारायण. रावणाला मारणारा लक्ष्मण, भावावर जीव टाकणारा, सगळ्यांचा लाडका लक्ष्मण, आपल्या कथेत नरकात जातो. हे ऐकून नात रडवेली झाली. “पण तो तर चांगला होता ना?”

हो, चांगलाच होता. पण बाजू न्यायाची असली तरी हिंसेचं कर्म बांधलं जातंच, हे आपल्या कथेचं सांगणं आहे. सिनेमातला नायक शेवटी खलनायकाला मारतो, थिएटरात शिट्ट्या वाजतात, गोष्ट संपते. आपलं पुराण तिथे संपत नाही. मारणाऱ्याचं पुढे काय झालं, हेही ते सांगतं. मुलांना दुसरीकडे कुठेही ऐकायला न मिळणारी गोष्ट हीच आहे आणि घरातून ती गेली तर नुसती एक कथा जाणार नाही.

म्हणून टीव्ही बंद करायचा का? शेजारच्या काकूंच्या श्रद्धेला नावं ठेवायची का? मुळीच नाही. रामनवमीचा सुंठवडा आपण त्यांच्याकडे जाऊन घेतोच. त्यांची कथा त्यांना प्रिय, आपली आपल्याला. मुलांना एवढंच कळू द्यावं की रामकथा अनेकांनी सांगितली आहे आणि आपलीही जुनी आहे. विमलसूरींचं ‘पउमचरिय’ महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वजाच्या भाषेत. रविषेणाचार्यांचं संस्कृत पद्मपुराण सातव्या शतकातलं.

गंमत म्हणजे या ग्रंथांची सुरुवातच शंकेनं होते. राजा श्रेणिक लोकांत प्रचलित असलेली रामकथा ऐकून गोंधळतो. वानरांनी बलाढ्य राक्षसांना कसं हरवलं? कुंभकर्ण सहा महिने कसा झोपेल? मग गौतम गणधर त्याला कथा सांगतात. म्हणजे बाहेरची गाजलेली गोष्ट ऐकून घरी प्रश्न घेऊन येणारी आमची नात काही पहिली नव्हे! श्रेणिकाला कुणी गप्प केलं नाही, ‘ऐकूच नकोस’ असंही म्हटलं नाही. त्याला उत्तर मिळालं.

आपल्याला जमेल ते सोपं आहे. मालिका मुलांसोबत बसून पाहा आणि नंतर बोला. सुट्टीत मांगीतुंगीला न्या. नाशिक जिल्ह्यातल्या त्या डोंगरावरून राम, हनुमान, सुग्रीव मोक्षाला गेले, असं आपण मानतो. पायऱ्या चढताना सांगितलेली गोष्ट मुलं विसरत नाहीत. आणि पद्मपुराणात 123 पर्वं आहेत. चातुर्मासाचे चार महिने धरले तर रोज साधारण एक पर्व होतं. आपली जेवणं सूर्यास्तापूर्वी आटोपतात, संध्याकाळ मोकळीच असते. सगळं वाचणं झालं नाही तर त्यातली गोष्ट तोंडी सांगा.

तुमच्या घरी ही कथा कोण सांगायचं? आजी, आत्या, की बस्तीतले पंडितजी? आठवेल तेवढी आजच मुलांना सांगा.