छातीचा ‘फोटो’ आणि नळीतली उष्णता

“डॉक्टर, फोटो काढला की अंगात उष्णता वाढते का?” राजूरला रुग्ण तपासताना हा प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो. याच भीतीने दोन-दोन महिने खोकला अंगावर काढणारे लोक मी पाहिले आहेत. म्हणून ही उष्णता नेमकी कुठे असते ते समजून घ्या.

एक्स-रे मशीनमध्ये हवा काढून घेतलेली एक नळी असते. तिच्या एका टोकाला जुन्या बल्बमध्ये असते तशी टंगस्टनची तार असते. ती तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन नावाचे अतिसूक्ष्म कण सुटतात. समोर टंगस्टनचीच चकती असते. घरातली वीज 230 व्होल्टची, इथे मात्र 60 हजार ते सव्वा लाख व्होल्टचा दाब लावतात. रंध्याच्या धबधब्याचे पाणी कातळावर कोसळते ना, तसे हे कण चकतीवर आदळतात. फक्त त्यांचा वेग प्रकाशाच्या जवळपास निम्मा असतो.

बहुतेक कण धातूच्या अणूंना धक्के देत थांबतात आणि त्यातून उष्णता होते. थोडेच कण अणूच्या केंद्राजवळून जाताना एकदम मंदावतात किंवा अणूतला आतला इलेक्ट्रॉन उडवतात. तेव्हा एक्स-रे तयार होतात. 100 भाग ऊर्जेपैकी सुमारे 99 भागांची उष्णता होते, एक्स-रे जेमतेम 1 भाग. म्हणून तर 3,400 अंश सेल्सिअसपर्यंत न वितळणारे टंगस्टन वापरतात. बऱ्याच मशीनमध्ये ही चकती मिनिटाला सुमारे 3,000 फेरे घेते, म्हणजे मारा एकाच जागी होत नाही. नळीभोवतीचे तेल उष्णता शोषून घेते. लागोपाठ फोटो काढताना कधी थांबायला सांगतात, ते नळी निवावी म्हणून.

म्हणजे उष्णता मशीनमध्येच राहते. तुमच्यापर्यंत क्षणभर येतात ते एक्स-रे. वीज थांबली की तेही थांबतात, अंगात काही साठत नाही. अर्थात, विनाकारण फोटो काढू नये. गरोदर असाल किंवा पाळी चुकली असेल तर आधी सांगा. पण छातीच्या एका फोटोत मिळणारे किरण, निसर्गातून काही दिवसांत आपल्याला मिळतात तेवढेच असतात.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारे वजन यांपैकी काही असेल तर थुंकी तपासा आणि छातीचा फोटो काढून घ्या. क्षयरोगाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. अंगावर काढलेला क्षय एकट्याचा राहत नाही, तो घरातल्या लेकराबाळांनाही लागतो.