दिवस भरलेली मासोळी

सोसायटीतल्या कारंज्याच्या हौदात डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे सोडले होते. त्यातले चार मी बरणीत मागून आणले. गावोगावच्या विहिरीत आणि डबक्यात दिसतो म्हणून हा मासा आपल्याला इथलाच वाटतो. मूळचा तो त्रिनिदाद आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्याकडचा. रॉबर्ट लेचमेर गप्पी यांनी त्रिनिदादहून लंडनला नमुने धाडले, म्हणून १८६६ साली त्यांचं आडनाव त्याला चिकटलं. मराठीत येऊन ते गप्पांच्या नात्यातलं झालं, आणि त्याचं सतत हलणारं तोंड पाहिलं की ते नातं खरंही वाटतं.

चारांत एकच मादी होती, मळकट राखाडी रंगाची. खाणं टाकायला हात वर गेला की सगळ्यांच्या आधी ती वर यायची. एका सकाळी आलीच नाही. टाकीच्या मागच्या कोपऱ्यात, शेवाळाच्या गुंत्याआड, एकाच जागी शेपूट हलवत उभी होती. पोट खालून चौकोनी दिसत होतं, आणि शेपटीकडचा काळा डाग गडद होऊन पसरला होता. भिंग लावून पाहिलं तर त्या डागात बारीक बारीक काळे ठिपके दिसले. पिल्लांचे डोळे होते ते. गप्पी अंडी घालत नाही. अंडी पोटातच वाढतात आणि तीन-चार आठवड्यांनी पोहती पिल्लं बाहेर येतात.

आयुर्वेदात गर्भिणीला दौहृदिनी म्हटलंय, दोन हृदयांची. हिच्या पोटात किती हृदयं होती, कोण जाणे.

मी घाबरलो. इतर मासे तिची पिल्लं खातील, ती स्वतःही खाईल, या काळजीनं तिला उचलून बाळंतपणाच्या जाळीत ठेवलं. ती जाळीवर धडका देत राहिली. दुसऱ्या दिवशी तळाशी तीन पिल्लं पडली होती, पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी तशीच लोंबत असलेली. वेळेआधी आलेली. एकही जगलं नाही. तो पिवळा ठिपका मला अजून दिसतो.

नंतर मी तिच्याकडे नीट पाहायला शिकलो. अन्न सोडणं, एकटं राहणं, दुसऱ्याला जवळ न येऊ देणं हे दिवस भरल्याचं असू शकतं. पण ती पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत असेल, तर आधी पाणी तपासायचं. अमोनिया साठलेल्या पाण्यात गाभणी काय नि नर काय, सगळेच असे वर येतात. खवले कणसाच्या पानांसारखे उभे राहिले, तर ते फुगलेलं पोट आजाराचं, पिल्लांचं नव्हे. एकच लक्षण, आणि अर्थ दोन. आम्हा पाळणाऱ्यांना नेहमी आवडता अर्थच आधी दिसतो.

त्यानंतर तिन्ही नर मी शेजारच्यांना दिले होते. तरी महिन्याभरात तिचं पोट पुन्हा भरलं. गप्पीची मादी नराचं बीज कित्येक महिने जपून ठेवते, हे तेव्हा कळलं. या खेपेला मी थोडंसंच पाणी बदललं, शेवाळ दाट केलं, दिवा विझवला आणि खुर्ची मागे सरकवली.

रात्री कधीतरी ते झालं असावं. सकाळी ती आपली खाणं मागायला समोर उभी, पोट सपाट. पिल्लं कुठंच दिसेनात. मी श्वास रोखून शेवाळाकडे पाहत राहिलो. मग एक हिरवी काडी किंचित हलली, तिच्यामागून दोन डोळे पुढे आले, नखाएवढंही नसलेलं शरीर त्यांच्यामागे, आणि मला पाहून परत आत गेले.