येझ्दीचं साडीगार्ड आणि नातीची गाडी

बेळगावातल्या जुन्या येझ्दींबद्दल लिहीन लिहीन म्हणत होतो, राहूनच जात होतं. आता निमित्त झालं, म्हणून लिहितो. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

आमची नात पुण्यात नोकरीला आहे. गणपतीला आली ती लॅपटॉपवर एक तक्ता घेऊनच. तिला मोटारसायकल घ्यायची होती, ती पण स्पोर्ट टूरिंग. म्हणजे काय, तर पळायला तेज, पण दिवसाला चारपाचशे किलोमीटर चालवून माणूस उतरल्यावर सरळ उभा राहील अशी. तिनेच मला सांगितलं की परदेशात बीएमडब्ल्यूने १९७६ साली आर १०० आरएस काढली, तिचं पुढचं कवच वाऱ्याच्या बोगद्यात तपासून बनवलेलं होतं. आपल्याकडे २००३ ची करिझ्मा बऱ्याच पोरांनी लांबच्या प्रवासाला वापरली, ती मीही पाहिलेली.

इकडे लेकीचा फोन. "बाबा, तुम्हीच समजवा तिला. तुमचं ऐकेल ती."

समजवायला म्हणून बसलो आणि तक्ताच बघत बसलो. कर्जाची प्रकरणं तपासण्यात जन्म गेला, नीट मांडलेले आकडे दिसले की मला राहवत नाही. तीन गाड्या होत्या. डोमिनार ४००: ३७३ सीसी, टाकी १३ लिटर, वजन १९३ किलो, सीटची उंची ८०० मिलिमीटर. हिमालयन ४५०: टाकी १७ लिटर, वजन १९६, सीट ८२५. ही तशी डोंगराची गाडी, पण प्रवासाला चालते म्हणून घेतलेली. तिसरी लाल रंगाची, पूर्ण कवचाची, पुढे वाकून बसायची. तिचं नाव लिहीत नाही. नातीचा जीव तिच्यातच होता, ते तक्त्यावरनंच कळत होतं. तिच्या रांगेला पिवळा रंग दिलेला!

पुणे-बेळगाव ३४० किलोमीटर धरा. १३ लिटरच्या टाकीला लिटरमागे २५ धरले तर सव्वातीनशे होतात, म्हणजे संकेश्वरच्या आसपास पेट्रोल घेतलेलं बरं. १७ लिटरवाली एका टाकीत घरी पोचते. पण चहाला थांबायचंच असतं की. टाकीपेक्षा सीटची उंची मला मोठी वाटली. पोरगी पाच फूट दोन इंच. पाय टेकले नाहीत तर चढावर, पावसात, दोन बॅगा लावलेल्या असताना दोनशे किलो कोण सावरणार?

सगळं होतं तक्त्यात. एबीएस, ट्यूबलेस टायर, मोबाईल चार्जिंग, सर्व्हिस सेंटर कुठे कुठे. मी विचारलं, "मागे बसणाऱ्याचा रकाना कुठाय?"

"आजोबा, मागे कोण बसणारेय? मी एकटीच जाणार."

"तरी घाल. धरायची दांडी, पाय ठेवायची जागा, साडीगार्ड."

साडीगार्ड म्हटल्यावर ती हसायला लागली. "मी कुठे साडी नेसते?"

तिथे मला बोलावं लागलं. ४२ वर्षं कुणाला बोललो नव्हतो. ही भाजी निवडत समोरच बसलेली होती.

१९८१ साली बँकेच्या वाहनकर्जातून मी येझ्दी घेतली. चंदगडला बदली होती, रोजचं जाणं-येणं. स्कूटर घ्या असं सगळे म्हणत होते. मला ते दोन सायलेन्सर आणि तो आवाज हवा होता. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायचं, किकचाच दांडा पुढे करून गिअर टाकायचे, सगळं आवडायचं. एकच आवडत नव्हतं, डाव्या बाजूची ती लोखंडी जाळी. गाडीची शोभा जाते म्हणून महिन्याभरात गॅरेजमध्ये काढून घेतली आणि पेपरात गुंडाळून माळ्यावर टाकली. तेव्हा बऱ्याच पोरांनी काढलेली असायची.

१९८२ च्या डिसेंबरात आम्ही दोघं सावंतवाडीला हिच्या माहेरी निघालो. ही एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर कुंद्याचा डबा. पाटणे फाटा मागे पडला, रस्ता मोकळा, मी वेग वाढवला. येझ्दीची चेन पूर्ण झाकलेली असते, पण चाकाच्या तारा उघड्या. पदर कधी सुटला ते कळलंच नाही. एक हिसका बसला आणि मागचं वजन एकदम गेलं.

वळून बघेपर्यंतचा तो क्षण लिहिता येत नाही मला.

मागून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने सुरीने साडी कापून चाक सोडवलं. हिचा उजवा कॉलरबोन मोडला होता. ट्रकवाल्यानेच बेळगावला आणून सोडलं. डोक्याला लागलं नाही, एवढंच दैव. हाड जुळलं, पण तो हात अजून खांद्याच्या वर जात नाही. उंच दोरीवर कपडे वाळत घालायला ही काठी वापरते, तुम्ही घरी आला असाल तर बघितली असेल.

चौथ्या दिवशी मी जाळी परत बसवून आणली. हिला सांगितलं, गाडीला नव्हतीच, नवीन घेतली. घरच्यांनाही तेच सांगितलं.

हे सगळं नातीला सांगून मान खाली घालून बसलो. भाजी निवडायचं थांबलं नाही. मग ही म्हणाली, "माहितेय मला. त्या साली दिवाळीला माळा कुणी झाडला होता?"

"मग बोलली नाहीस कधी?"

"काय बोलायचं? तुम्ही ती गाडी पुढे कशी चालवायला लागलात ते बघत होते की मी."

नात काही बोलली नाही. तक्त्यात रकाना मात्र घातला.

दुसऱ्या दिवशी शोरूम्स फिरलो. प्रत्येक गाडी तिला स्टँडवरून काढून उतारावरून उलटी ढकलत वर आणायला लावली. हिमालयनवर तिचे अंगठेच टेकत होते. लाल गाडीच्या मागच्या सीटवर मी स्वतः चढून बसलो. सेल्सचा पोरगा घाबरला, "अंकल, सांभाळून!" गुडघे छातीला लागले आणि हाताला धरायला काही नाही. नातीने माझ्याकडे बघितलं आणि तक्त्यातला पिवळा रंग तिथेच मोबाईलवर काढून टाकला. मला जरा वाईटच वाटलं.

डोमिनार घेतली. उंच काच, हातापुढची कवचं, मागे कॅरिअर, पाठीला टेका, बॅगांच्या दांड्या हे कंपनीकडूनच बसून येतं, बाहेर वेल्डिंग नको. मागच्याला आधार, पाय ठेवायला जागा आणि निम्मं मागचं चाक झाकणं हे आता केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे, १२३ वा नियम. तरी डिलिव्हरीच्या वेळी तिथल्या पोराने विचारलंच, "मॅडम, साडीगार्ड काढून देऊ? लुक येतो."

"राहू दे," नात म्हणाली.

लेक महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. दिवाळीला नात गाडी घेऊन आली, पहाटे निघून जेवायच्या वेळेला दारात. संध्याकाळी आजीला म्हणाली, चल, कॅम्पात एक चक्कर मारू. ही नातीचीच ट्रॅकपँट घालून, दोन्हीकडे पाय टाकून बसली. डाव्या हाताने दांडी धरली, उजवा मांडीवर. मी फाटकात उभा.

वीस मिनिटांनी आल्या. मी विचारलं, कशी काय वाटली?

"येझ्दीपेक्षा आवाज कमी आहे," ही म्हणाली, आणि उतरायला माझा खांदा धरला.