बेटावरची मोळी

शेक्सपिअरच्या ‘टेंपेस्ट’मधल्या बेटाला नाव नाही. १६११ साली इंग्लंडच्या दरबारात झालेले हे नाटक नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८७५ मध्ये मराठीत आणले. राज्य गमावलेला प्रॉस्पेरो मुलगी मिरांडासह या बेटावर बारा वर्षे राहतो आहे. जादूने वादळ उठवून तो वैऱ्यांचे जहाज तिथे खेचून आणतो.

किनाऱ्याला लागलेल्या प्रत्येकाला बेट वेगळे दिसते. म्हाताऱ्या गोंझालोला गवत हिरवेगार वाटते, शेजारच्या सेबॅस्टियनला आणि प्रॉस्पेरोचे राज्य बळकावणाऱ्या त्याच्या भावाला, अँटोनिओला, त्याच हवेत दलदलीची दुर्गंधी येते. त्यांच्यासोबत जहाजातून आलेल्या राजाचा डोळा लागतो न लागतो तोच हे दोघे तलवारी उपसतात. परतायला गलबत नाही, पण गादीचा हव्यास सुटत नाही. जादूने त्यांच्यापुढे फक्त निजलेला राजा ठेवला. बाकीचे त्यांनी बरोबरच आणले होते.

माणूस पारखायचे नाटकातले सर्वांत साधे साधन मात्र जळाऊ लाकूड आहे, आणि शहापूर-मुरबाडच्या वाचकाला ते सांगावे लागत नाही. ऐन-धावड्याच्या वाळल्या फांद्यांची मोळी, तिच्याखाली चुंबळ, मानेत भरलेली कळ आणि डोंगरउताराची वाट या भागात सर्वांच्या ओळखीची. कॅलिबन हा बेटाचा आधीचा रहिवासी. गोड्या पाण्याचे झरे, पिकाऊ जमीन त्यानेच दाखवली. मिरांडावर हात टाकल्याचा दोष त्याच्या माथी आहे, आणि तो नाकारतही नाही. आता त्याच्या वाट्याला वेठ आहे. त्याच्यावाचून आपले भागत नाही, हे प्रॉस्पेरो मुलीजवळ कबूल करतो. राजपुत्र फर्डिनंडलाही हजारो ओंडके रचायला लावले जातात. तो ते आनंदाने वाहतो, कारण मिरांडा पाहते आहे आणि हे काम संपणार आहे. एकच ओझे एकाला गुलाम ठरवते, दुसऱ्याला जावई.

पूर्वी खैराचा कात काढणारे, पुढे कोळशाच्या नि विटांच्या भट्ट्यांवर उचल घेऊन राबलेले कातकरी या दोन तालुक्यांत राहतात. कंद कुठे खणावा, खेकडा कुठल्या बिळात सापडेल, हे त्यांना पुस्तकाविना ठाऊक असते. कॅलिबनही नव्या धन्याला, जहाजावरच्या खानसाम्याला, नखांनी कंद खणून द्यायला, पाखरांची घरटी दाखवायला निघतो. त्याला राक्षस म्हणणारे सगळे बाहेरून आलेले आहेत. त्याच्यासोबत प्रॉस्पेरोला मारायला निघालेले खानसामा आणि विदूषक दोरीवरचे भरजरी कपडे पाहून वाट विसरतात. तो कचरा आहे, सोडा, असे एकटा कॅलिबन बजावतो.

प्रॉस्पेरोचीही परीक्षा होते. वैरी मुठीत आल्यावर त्याच्या सेवेतला अदृश्य आत्मा एरियल म्हणतो, मी माणूस असतो तर मला यांची दया आली असती. तेव्हा प्रॉस्पेरो सूड सोडतो आणि जादूची काठी मोडायचे ठरवतो. क्षमा मिळालेला अँटोनिओ त्यावर चकार शब्द काढत नाही. शेवटच्या प्रवेशात तो एकदाच तोंड उघडतो, तेही कॅलिबनला पाहून: हा तर मासाच, बाजारात खपेल.